घोड्याचं खाणं, घोड्याचं काम आणि त्याचं रक्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्हेट नाही, पण घोड्यांमध्ये इतकी वर्षं गेलीत की ब्लड रिपोर्ट घेऊन येणारी माणसं आता नेहमीची झालीत. कागदावर कुठेतरी आकडा ठळक छापलेला असतो आणि चेहरा उतरलेला असतो. मी पहिल्यांदा आकडा बघतच नाही, विचारते की रक्त किती वाजता काढलं, त्याआधी चंदी कधी दिली, काम कधी झालं. दहातल्या सात-आठ जणांना हे सांगता येत नाही आणि घोडं पेंड खातं ते इथेच. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये वेळेचा विषय पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

रूटीन ब्लड टेस्टसाठी रक्त कधी काढावं?

सकाळी, कामाच्या आधी, चंदीच्या आधी, घोडा त्याच्या नेहमीच्या जागी शांत उभा असताना. रात्रभर समोर गवत असलं तर चालतं, उलट असावंच. आदल्या दिवशी जोरात काम झालं असेल तर एक दिवस मध्ये जाऊ द्या. आणि दर वेळी साधारण त्याच वेळी काढा, कारण खरी तुलना लॅबच्या छापील रेंजशी कमी आणि त्याच घोड्याच्या मागच्या रिपोर्टशी जास्त करायची असते. घोडा ठणठणीत असताना काढलेला एक रिपोर्ट फायलीत असणं याला तोड नाही, आजारी पडल्यावर तो सोन्यासारखा वाटतो.

इन्शुलिनसाठी मात्र नियम वेगळा आहे, तो पुढे सांगितलाय.

सोमवारी पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) 36 आला, गुरुवारी 50. घोडा तोच, लॅब तीच. लॅबने घोळ घातला का?

बहुतेक नाही. घोड्याची प्लीहा म्हणजे लाल पेशींचं गोदाम आहे, एकूण लाल पेशींपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तिथे जमा असतात. घोडा बिचकला, उत्तेजित झाला किंवा पळायला लागला की प्लीहा आकसते आणि ते सगळं रक्तात ओतलं जातं. आरामात असताना 35-40 असलेला पीसीव्ही भरधाव पळताना 60-65 पर्यंत जातो, म्हणजे रक्त अक्षरशः घट्ट होतं आणि ऑक्सिजन वाहायची ताकद वाढते. याच कारणाने घोडा असा पळू शकतो.

पण मग सुई बघून जो घोडा दोन पायांवर उभा राहतो त्याचा पीसीव्ही काय सांगणार? काहीच नाही. त्याच गडबडीत ग्लुकोज आणि पांढऱ्या पेशीही थोड्या वर जातात. उलटंही होतं, नियमित ट्रेनिंग सुरू झालं की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा वाढतो आणि आरामातला पीसीव्ही जरा कमी दिसू शकतो. हा ॲनिमिया नव्हे, ही फिटनेसची खूण. हे बघून लोहाचं टॉनिक सुरू करणारे खूप आहेत आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण गवत-वैरणीत घोड्याला पुरेल त्याहून जास्त लोह असतं आणि फाजील लोह लिव्हरमध्ये साठत जातं.

कामाआधी चंदी किती वेळ आधी द्यावी? रक्तात काय फरक पडतो?

धान्य खाल्लं की रक्तातली साखर वाढत जाते, साधारण दीड-दोन तासांनी सगळ्यात वर असते आणि इन्शुलिनही तिच्या मागोमाग वर गेलेलं असतं. इन्शुलिन दोन कामं करतं, साखर स्नायूंत ढकलतं आणि चरबीचा नळ बंद करतं. नेमकं याच वेळी घोडा कामाला काढला तर स्नायू साखर ओढायला लागतात, इन्शुलिन पण तेच करतंय, त्यामुळे काम सुरू झाल्यावर ग्लुकोज धाडकन खाली येतं आणि चरबी जळायला हवी ती मिळत नाही. लांब पल्ल्याच्या घोड्याला हे चांगलंच नडतं.

शिवाय मोठा तोबरा भरून दिला की लाळ आणि पाचकरस तयार करायला रक्तातलंच पाणी आतड्याकडे जातं, तासाभरासाठी प्लाझ्मा कमी होतो, प्रोटीन आणि पीसीव्ही वाढलेले दिसतात. तेच खाणं चार-सहा वेळा थोडं थोडं दिलं तर असं होत नाही.

म्हणून मी कामाच्या आधी चार तास धान्य देत नाही. गवत मात्र थोडंसं देते, एक-दीड किलो, पोट अगदी रिकामं ठेवत नाही. रिकाम्या पोटात ॲसिड उसळून अल्सर होतात हे एक, आणि गवत मागच्या आतड्यात पाणी आणि क्षार धरून ठेवतं, घाम गेल्यावर ते साठवणीतलं पाणी कामाला येतं हे दुसरं.

लॅक्टेट म्हणजे नेमकं काय? खाण्याने कमी होतं का?

स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा झाला की ते साखर शॉर्टकटने जाळतात, त्यातून लॅक्टेट रक्तात येतं. उभ्या घोड्यात ते लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास असतं. कदम आणि दुडकीत फारसं हलत नाही, मग वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर झपाट्याने चढतं. 4 मिलिमोल ही ढोबळ रेघ धरतात आणि ज्या वेगाला घोडा ती रेघ गाठतो त्याला व्ही-फोर म्हणतात. शर्यतीनंतर 20 ते 30 पर्यंतचे आकडे सर्रास दिसतात, घाबरू नका.

खाण्याने थोडा फरक पडतो, खरा फरक ट्रेनिंगने पडतो. दोन-तीन महिने नीट काम झालं की त्याच वेगाला लॅक्टेट कमी येतं, हीच मोजायची गोष्ट. पण तुलना करायची तर मैदान तेच हवं, वेग आणि अंतर तेच हवं आणि रक्त थांबल्यावर ठरलेल्या मिनिटाला काढलेलं हवं, कारण थांबल्यानंतरही काही मिनिटं आकडा चढतच असतो.

आणि एक, दुसऱ्या दिवशीच्या अकडलेपणाचं खापर लॅक्टेटवर फोडू नका. ते तासा-दीडतासात उतरलेलं असतं, आणि जोरात काम झाल्यावर लगेच उभं करून ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं हळू दुडकी आणि कदमवर चालवलं तर आणखी लवकर उतरतं.

सीके आणि एएसटी (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) वाढलेत. स्नायू फाटलेत का?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी एक घोडी होती, सहा दिवस जोरात काम आणि एक दिवस सुट्टी असा तिचा आठवडा. सुट्टीच्या दिवशीही चंदी पूर्ण द्यायचे मी, वाटायचं की बिचारी दमलीय, खाऊ दे. एका सुट्टीनंतर सकाळी बाहेर काढली, वीस मिनिटं झाली असतील, मागचे पाय आखडले, पुठ्ठे दगडासारखे कडक, पोटाखालून घाम ठिबकतोय आणि घोडी एक पाऊल टाकेना. मी मूर्खासारखी तिला चालवून मोकळी करायला बघत होते. मग ती लघवीला थांबली आणि लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची आली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

याला टाइंग-अप म्हणतात, जुन्या लोकांच्या तोंडी मंडे मॉर्निंग डिसीज. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि आतला माल रक्तात येतो. त्यातलं सीके लवकर चढतं, 4 ते 6 तासांत शिखर गाठतं आणि नवीन इजा थांबली की दोन-तीन दिवसांत उतरतं. एएसटी सावकाश चढतं, साधारण 24 तासांनी वर पोचतं आणि उतरायला आठवडे घेतं. म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे. सीके खूप वर आणि एएसटी जेमतेम वाढलेलं असेल तर इजा ताजी आहे, सीके नॉर्मल आणि एएसटी वर असेल तर ती मागच्या आठवड्यातली गोष्ट, दोन्ही वर असतील आणि वरच राहत असतील तर स्नायू अजून फुटतायत, घोडा कामाला काढू नका. एएसटी लिव्हरमधूनही येतं, त्यामुळे एकटं एएसटी वाढलं असेल तर व्हेट जीजीटीसारखे लिव्हरचे आकडेही बघतील.

नुसतं थोडंसं वाढणं म्हणजे आजार नव्हे. लांबच्या प्रवासानंतर, नव्या कामानंतर, इंजेक्शन स्नायूत दिल्यावरही सीके थोडं चढतं. शंका असेल तर व्हेट साधी टेस्ट करतात, आरामात एक सॅम्पल, मग पंधरा मिनिटं दुडकी आणि 4 ते 6 तासांनी दुसरं सॅम्पल. निरोगी घोड्यात फारसा फरक पडत नाही, दुप्पट-तिप्पट झालं तर पाणी मुरतंय.

असं वारंवार होणाऱ्या काही घोड्यांमध्ये मुळात जनुकाचा दोष असतो, स्नायूत साखर वेड्यासारखी साठते, त्याला पीएसएसएम म्हणतात. त्यातल्या पहिल्या प्रकाराचं जीवायएस-वन हे जनुक 2008 मध्ये सापडलं आणि त्याची टेस्ट होते. उपाय खाण्यात आणि कामातच आहे, धान्य आणि मोलॅसिस (उसाची मळी) बंद किंवा अगदी कमी, गवत भरपूर, गरज पडली तर तेल, आणि रोज थोडं का होईना काम. यातलं एकच केलं तर भागत नाही, माझ्या अनुभवात रोज बाहेर काढण्याने सगळ्यात जास्त फरक पडला. आता सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करते, आणि ती आदल्या संध्याकाळपासूनच कमी करते.

लघवी गडद झाली की घोडा जागेवर उभा करा, व्हेटला बोलवा, पाणी समोर ठेवा आणि घरातलं पेनकिलर मनाने टोचू नका. स्नायूतला रंग किडनीत अडकतो, त्यात अंगातलं पाणी कमी झालेल्या घोड्याला तसलं औषध दिलं तर किडनी जाऊ शकते.

घामातून नक्की काय जातं? इलेक्ट्रोलाइट रोज द्यावेत का?

माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, मग रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचं तसं नाही. त्याचा घाम रक्ताइतकाच, कधी त्याहून जास्त खारट, म्हणून मानेवर आणि खोगिराच्या कडेला वाळल्यावर पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसतात. पाणी आणि मीठ जोडीने गेल्यामुळे रक्तातलं सोडियम फारसं वाढत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोपच जात नाही. घोडा वाळलेला असतो आणि बादलीकडे बघत नाही! उन्हात जोरात काम असेल तर तासाला 10 ते 15 लिटर घाम जाऊ शकतो.

म्हणूनच रिपोर्टमधलं सोडियम नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दोन्ही गेलंय म्हणून ते नॉर्मल दिसतं. टोटल प्रोटीन आणि पीसीव्ही एकत्र चढलेत का ते बघा.

घामातून सगळ्यात जास्त क्लोराइड जातं. लांब पल्ल्याच्या घोड्यात तासन्‌तास ते जात राहिलं की किडनी त्याच्या जागी बायकार्बोनेट राखून ठेवते आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. त्याने मोकळं कॅल्शियम कमी होतं, आणि मग कधी कधी कुशीकडे बघितलं तर हृदयाच्या ठोक्याबरोबर ती उडताना दिसते, उचकी लागल्यासारखी, याला थम्प्स म्हणतात. दिसलं की तिथेच काम थांबवायचं, पुढचा मैल नाही. शर्यतीच्या घोड्यात चित्र उलटं, दोन मिनिटांच्या भरधाव पळण्यात रक्त ॲसिडकडे जातं आणि पोटॅशियम क्षणभर खूप चढून काही मिनिटांत खाली येतं. म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

रोजच्यासाठी साधं मीठ. काम नसलेल्या 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 10 ग्रॅम सोडियम लागतं, म्हणजे साधारण 25 ग्रॅम मीठ, काम आणि घाम जसा वाढेल तसं वाढवायचं. पोटॅशियम गवतातून भरपूर मिळतं. मिठाची वीट चाटायला ठेवा, पण सगळे घोडे पुरेसं चाटत नाहीत म्हणून मी चंदीत मिसळते. इलेक्ट्रोलाइट पेस्ट फक्त मोठ्या कामाच्या दिवशी, आणि घोडा पाणी पीत असेल तरच, नाहीतर ते मीठ अंगातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढतं.

एक युक्ती सांगते जी खरंच चालते. काम संपल्यावर पहिली बादली खारट पाण्याची द्या, 10 लिटरला 90 ग्रॅम मीठ, आणि शेजारी साधं पाणी. खारट पाणी प्यायल्यावर रक्तातलं सोडियम खाली पडत नाही, तहान टिकते आणि घोडा नंतर साधं पाणी जास्त पितो. ऐन मोहिमेच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, घरी सवय लावा.

कामाआधी खायचा सोडा दिला तर लॅक्टेटचा त्रास कमी होतो म्हणतात. द्यावा का?

नाही. शर्यतीत हे डोपिंग आहे, सोड्याने प्लाझ्मामधला एकूण कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो लिटरमागे 36 मिलिमोलच्या वर गेला की घोडा अडकतो. आणि नाकातून नळी घालून हे पाजताना नळी फुप्फुसात गेली तर जनावर जातं. घोड्याने आपल्याला हो म्हटलेलं नसतं, एवढं तरी लक्षात ठेवू या.

तेल दिल्याने रक्तात काय होतं? कोलेस्टेरॉल वाढलं, हार्टला धोका?

कोलेस्टेरॉल वाढतं खरं, पण घोड्याला आपल्यासारखा नसा तुंबण्याचा आजार होत नाही, तो आकडा सोडून द्या. ट्रायग्लिसराइड्स उलट थोडे कमीच होतात. फायदा असा की स्नायू चरबी जाळायला शिकतात आणि साखरेचा साठा वाचतो. घोड्यात हा साठा एकदा रिकामा झाला की भरायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे वाचवणं मोलाचं.

पण घाई नको. 50 मिलीपासून सुरू करा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, मोठ्या घोड्याला दिवसाला 300-400 मिली पुरे. शेण सैल किंवा चिकट झालं तर मागे या. तेलाबरोबर व्हिटॅमिन ई लागतं, 100 मिली तेलाला साधारण 100 ते 150 युनिट. आणि जाडजूड, कमी कामाच्या घोड्याला तेल देऊच नका, त्याला त्या कॅलरी कशाला?

सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) पिवळंजर्द आहे आणि बिलिरुबिन वाढलंय. कावीळ?

घोड्याचं रक्त ट्यूबमध्ये उभं ठेवून बघा, लाल भाग भराभर खाली बसतो आणि वर हळदीच्या पाण्यासारखा पिवळा थर राहतो. घोड्यात हा रंग नेहमीचाच, हिरवं गवत खाणाऱ्यात आणखी गडद. आता बिलिरुबिनचं, घोडा एक-दोन दिवस खाल्ल्याशिवाय राहिला की ते दुप्पट-तिप्पट होतं, लिव्हर धडधाकट असली तरी. म्हणून आधी विचारा की तो जेवतोय का. खाणं का सुटलं ते शोधा, दात, पोटदुखी, ताप. पोट भरलेलं असूनही बिलिरुबिन वर आणि जोडीला जीजीटी वर असेल तर मात्र लिव्हर बघावी लागेल.

पिवळ्याऐवजी दुधाळ दिसलं तर तीच खरी धोक्याची घंटा. पोनी, मिनिएचर घोडे आणि गाढवं उपाशी राहिली की अंगातली चरबी इतक्या वेगाने सुटते की रक्तात ट्रायग्लिसराइड्स डेसिलिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या पुढे जातात आणि लिव्हर चरबीने भरते, गाभण किंवा दूध पाजणारी मादी असेल तर धोका आणखी जास्त. वाट बघायची नाही, त्याच दिवशी व्हेट. आणि लठ्ठ पोनीला बारीक करायला उपाशी ठेवणाऱ्यांनो, कृपा करून असं करू नका.

मग जाड घोडा बारीक कसा करायचा? इन्शुलिन वाढलंय आणि लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या आजाराची) भीती घातलीय.

भीती रास्त आहे. रक्तात इन्शुलिन सतत वर राहिलं की खुरातली, हाड आणि खूर धरून ठेवणारी पकड सुटायला लागते. साखर नॉर्मल असली तरी हे होतं, म्हणून फक्त ग्लुकोज बघून सुटका नाही. टेस्ट उपाशीपोटी केली तर बऱ्याचदा नॉर्मल येते आणि आजार निसटतो, गवत चालू असताना किंवा ठरावीक साखर पाजून नंतर रक्त काढायला सांगा.

धान्य बंद, गोड खाऊ बंद. रोज वजनाच्या दीड टक्का सुकं गवत, त्याखाली मनाने जाऊ नका. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, साखर बरीच धुऊन जाते. आणि व्यायाम, खूर दुखत नसतील तरच. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास घाम येईल इतकी दुडकी झाली तरी स्नायू इन्शुलिनचं ऐकायला लागतात. पाय दुखत असताना पळवणं म्हणजे जखमेवर नाचवणं.

गव्हाचा कोंडा भरपूर देतो, कॅल्शियम नॉर्मल आलंय. म्हणजे सगळं ठीक ना?

नाही हो. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळजवळ नऊ-दहा पट फॉस्फरस असतो. शरीर रक्तातलं कॅल्शियम काहीही करून जागेवर ठेवतं, खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून काढतं. रिपोर्ट छान आणि हाडं पोकळ. पुढे जबडा आणि नाकाच्या बाजूची हाडं फुगतात, विनाकारण लंगडणं सुरू होतं. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा दुपटीपर्यंत हवं, लसूणघास दिला तर बरंच सावरतं. हे तपासायचं तर रक्तापेक्षा लघवी जास्त बोलते, आणि त्याहून जास्त तुमच्या पागेतली रोजच्या खाण्याची यादी.

जास्त प्रोटीन दिलं की युरिया वाढतो का?

वाढतो, घोडा जास्त पाणी पितो आणि तबेल्यात अमोनियाचा वास येतो. क्रिएटिनिन (किडनीचा दुसरा आकडा) नॉर्मल असेल तर किडनीची काळजी लगेच नको, लांब मोहिमेनंतरही दोन्ही थोडे वाढतात आणि पाणी पिऊन, आराम करून खाली येतात.

सॅम्पल लॅबला पोचायला अख्खा दिवस लागतो. चालेल?

सीरम आधी वेगळं केलं तर चालेल. घोड्याच्या लाल पेशींत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, रक्त तसंच पडून राहिलं किंवा हलून पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि रिपोर्टवर जीवघेणा आकडा दिसतो, घोडा मात्र मजेत गवत खात असतो. तशाच ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, ग्लुकोज खोटं कमी आणि लॅक्टेट खोटं जास्त येतं, म्हणून या दोन्हीसाठी फ्लोराइडची, राखाडी झाकणाची ट्यूब मागा. आणि लेबलवर घोड्याच्या नावाखाली तीन गोष्टींची वेळ लिहा, शेवटची चंदी, शेवटचं काम आणि रक्त काढणं. जागा पुरत नाही म्हणून मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावते आणि बॉलपेनने लिहिते, स्केचपेन बर्फाच्या डब्यात ओलं होऊन पसरतं.